फ्रेमबाहेरचं केशरी जॅकेट

२ जुलै, रवि.
कन्फर्म झालं. बुकिंग खिडकीतल्या काकांनी सांगितलं, ३१ जुलैला शेवटची. १ ऑगस्टपासून सकाळच्या पॅसेंजरलाही इलेक्ट्रिक इंजिन. बाकी गाड्यांना कधीच लागलंय. म्हणजे ३१२ चे उरले एकोणतीस दिवस. ३१२ म्हणजे आपलं जुनं डिझेल, निळं-क्रीम, दिव्याखाली गंज. नंबरचे शेवटचे तीन आकडे. सोहम, माझ्यासारखाच इंजिनांचे फोटो काढत फिरणारा, त्याला म्हातारा म्हणतो. मला नाही आवडत.

आज पंचवीस मिनिटं लेट. प्लॅटफॉर्मवर मी, दोन कुत्री आणि सुक्या मासळीची टोपली घेऊन एक आजी. आजींनी विचारलं, कोण येतंय गो, पाव्हणा? म्हटलं, हो.

माझ्याकडे त्याचे चारशेच्या वर फोटो असतील. पण 'तो' फोटो एकही नाही. सगळ्यांत कुणाचीतरी बॅग, कुणाचातरी हात, कुणीतरी जांभई देतंय. मला एकच पाहिजे. हिरवा डोंगर, लाल दगड, काळा धूर. वायर आली तरी चालेल, माणूस नको. माणूस आला की फोटो गेला.

आई : "इंजिनांचे फोटो काढून पोट भरणारेस का गो?" म्हटलं, चालवून भरीन. डिप्लोमाचं हे शेवटचं वर्ष, मग लोको पायलटची परीक्षा. बाबा हसले. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून मिरकरवाडा बंदरातला बाबांचा बर्फ कारखाना बंद, म्हणून बाबा दिवसभर घरी आणि हसायला मोकळे.

५ जुलै, बुध.
स्पॉट मिळाला!! गावाचं नाव इथेही लिहीत नाही. सोहमचा काही भरवसा नाही.

स्कूटीने पाऊण तास, मग पायवाट, मग जांभ्याची चढण, आणि एकदम खाली कटिंग, रुळासाठी कापलेला डोंगर. दोन्ही बाजूंना लाल भिंत, मध्ये वळण, टोकाला बोगद्याचं तोंड. तिथून बाहेर पडलं की चढ. म्हणजे ३१२ जोर लावणारच.

एकच प्रॉब्लेम. वळणावर निळ्या ताडपत्रीची झोपडी आणि त्यात वॉचमन. पावसात दरड पडते म्हणून अशा ठिकाणी माणूस बसवतात. गाडीच्या वेळी झोपडीसमोर ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि हिरवी झेंडी दाखवायची. ड्रायव्हरला कळतं, रूळ मोकळा आहे. दगड आला असेल तर लाल. नाव भिकाजी. पन्नाशीचे असतील. केशरी जॅकेट, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

वाटलं हाकलतील. तर म्हणे, "काय गो बाय, वाट चुकलंस?"
म्हटलं, नाही, इंजिनाचा फोटो काढायचाय.
"इंजनाचा? त्येला काय कलनार, कसा आलाय त्यो?"

थर्मासच्या झाकणातून चहा दिला. हा त्यांचा इथला अकरावा पावसाळा. चार महिन्यांची नेमणूक, मग घरी. यंदा कायम करायच्या यादीत नाव गेलंय. हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार होते तेवढ्यात रुळात आवाज आला. मला काही ऐकू आलं नव्हतं, त्यांना आलं. उठले, जॅकेटची बटणं लावली, आणि जागेवर जाऊन असे उभे राहिले की जणू सव्वीस जानेवारी. ३१२ गेलं. मी फक्त अँगल बघून घेतला.

मग म्हणाले, "माजा पन एक काड गो. झेंडी घिऊन."
बॅटरी अकरा टक्के. जाताना खालच्या पुलाचे फोटो घ्यायचे होते. कॅमेरा डोळ्याला लावला, 'रेडी काका' म्हटलं, आणि बटण दाबल्यासारखं केलं.
"झालं. मस्त आलाय."
ते तसेच ताठ. "आला काय? डोलं नाय ना मिटलं?"

पूल काही खास नाही आला.

९ जुलै, रवि.
मिळाला मिळाला मिळाला.

पाऊस धड नाही, धड थांबतही नाही, असा. काकांनी लांबूनच हात केला. फ्रेम लावली तर बरोबर मध्ये केशरी जॅकेट! हिरवं, लाल, निळं, आणि त्यात ते एक केशरी.

"काका, जरा इकडे येता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."
"अगो, माजी जागा ती."
"दोनच मिनिटं. झेंडी इथून पण दिसेल की."
एकदा बोगद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आले. चाळीस-पन्नास पावलं असतील. लेन्सवर थेंब पडायला लागले तर मी न सांगता काकांनी स्वतःची छत्री कॅमेऱ्यावर धरली. स्वतः भिजत. दुसऱ्या हातात झेंडी.

मग ३१२. बोगद्यातून तोंड बाहेर काढलं आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला, लांब, दोनदा. माझ्यासाठी!! काका झेंडी डोक्यावर नेऊन हलवत होते, मला वाटलं तेही एक्साइट झाले. आणि मग धूर. असा धूर मी व्हिडिओतसुद्धा नाही बघितला. काळा, गोळ्यागोळ्यांचा, अख्खं कटिंग भरून. अकरा फ्रेम घेतल्या. सातवी म्हणजे तीच.

उजव्या वरच्या कोपऱ्यात छत्रीचं टोक आलंय. क्रॉप केलं. आता एकदम क्लीन.

१० जुलै, सोम.
पोस्ट केला. कॅप्शन इंग्लिशमध्ये, मला दुसरं सुचतच नाही. 'नॉट अ सोल फॉर माइल्स. जस्ट हिम अँड मी.' खाली तारीख, वेळ, इंजिनाचा पूर्ण नंबर. तेवढं नसेल तर आपल्या इंजिनवेड्या लोकांत कुणी सीरियसली घेत नाही. किलोमीटरची पाटी फ्रेममध्ये दिसतेय. दिसू दे.

दुपारी एका मोठ्या पेजने उचलला. लेक्चरमध्ये फोन बाकाखाली थरथरत होता. एकाने झूम करून विचारलं, वळणावरची झोपडी रिकामी दिसतेय, वॉचमन कुठाय? मी लगेच उत्तर टाकलं, 'चहा प्यायला गेले असतील', पुढे हसरा चेहरा. फोटोखालोखाल लाइक त्यालाच.

१३ जुलै, गुरु.
सोहमचा फोन. "तन्वे, तुझा फोटो रेल्वेच्या ऑफिसात पोचलाय. कुणीतरी टॅग केलं. ती चहावाली कॉमेंट पण."
म्हटलं, मग?
"मग काय. झोपडी रिकामी, टाइम दिलेला, आणि फोटोग्राफर स्वतः सांगतेय माणूस चहाला गेला."

डिलीट केलं. पोस्ट, कॉमेंट, सगळं.
सोहम : "आता डिलीट करून काय. स्क्रीनशॉट फिरतोय."
ओरडतील थोडं. अजून काय करणार.

१५ जुलै, शनि.
गेले होते. झोपडीत दुसराच माणूस. तरुण आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. विचारलं, भिकाजीकाका?
"घरी बसवलानी. चौकशी हाय." मग माझ्या बॅगेकडे बघून, "कोन एक पोरगी आलेली म्हने फोटू काडायला. तू न्हवं ना?"

मी नाही म्हटलं.

लिहिताना हात थांबला, पण हेच म्हटलं. नाही. आणि वर विचारलं की पूल कुठून दिसतो. जसं काही मी पहिल्यांदाच आलेय.

३१२ गेलं तेव्हा मी स्कूटीजवळ होते. कॅमेरा बॅगेतच.

१८ जुलै, मंगळ.
काही नाही.
कॉलेज. वर्कशॉपमध्ये कानशीने फाइलिंग. सरांनी दोनदा नाव घेतलं, ऐकू आलं नाही.
आई विचारतेय तुझा तो धुराचा फोटो माझ्या ऑफिसातल्या बायकांना दाखवायचाय, दिसत का नाही. म्हटलं साइट बंद आहे.

रुळाजवळ परवानगीशिवाय जाणं हा गुन्हा. शोधून वाचलं. नोकरी लागली की पोलीस व्हेरिफिकेशन. केस असेल तर लिहावं लागतं. हे वाचायला एक तास घालवला. भिकाजीकाकांचं काय होऊ शकतं ते वाचायला शून्य मिनिटं. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२० जुलै, गुरु.
आज गेले. त्या तरुणाकडून वाडी विचारून घेतली. कटिंगच्या खालच्या अंगाला, चिऱ्यांच्या गडग्याचं कुंपण असलेलं घर. भाताची लावणी चालू होती. काकी कमरेएवढ्या वाकलेल्या, काका आव्याच्या, म्हणजे रोपांच्या, मुठी फेकत होते. मला बघून चिखलातून बाहेर आले. वाटलं आता बोलतील. तर, "आलंस? बरा झाला. मी म्हनत व्हतू, ही येनार."

पडवीत बसवलं. काकींनी पाणी दिलं. पाणी दिल्यावर आत गेल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या.

"साहेबांनी तुजा फोटू दाकवलानी. लय झ्याक आलाय गो धूर. खाली कायतरी लिवलंस इंग्रजीत, ते वाचून पन दाकवलानी. मना कललं नाय. काय लिवलंस?"

गाडीत, कॉलेजात, वाट्टेल तिथे इंग्लिश बोलते मी. आणि ती एक ओळ मराठीत करायला मला एवढा वेळ लागला. म्हटलं, "लिहिलंय की… मैलोन्‌मैल कुणीच नाही. फक्त तो आणि मी."

त्यांनी थोडा विचार केला. खरंच केला, चेहऱ्यावर दिसलं.
"मी व्हतू की."

रागाने नाही. चुकीची दुरुस्ती केल्यासारखं.

काकी उंबऱ्यातून : "आनि च्यायचं काय लिवलंय? ह्येंनी जागा सोडून च्याय पिली?"
काका : "ऱ्हाऊ दे गो."
"का ऱ्हाऊ दे? च्याय कुनाला पाजलात ते पन सांगा तिला."

मी मान वर केली नाही. पायाला चिखल होता, तो बघत होते.

मग मी हॉर्नचं विचारलं. का विचारलं माहीत नाही. बहुतेक मला निदान तेवढं तरी चांगलं राहायला हवं होतं. म्हटलं, ड्रायव्हरने मला बघून हॉर्न दिला ना?
काका हसले. "तुला कशाला? झेंडी जाग्यावर दिसली नाय म्हून दिलान. इंजनाचा जोर पन कमी केलान, थांबवायच्या बेतात व्हता. मंग मी तुज्या बाजूनं झेंडी हालवली, ती दिसली, तवा परत वोढलान. म्हून एवडा धूर."

म्हणजे तो धूर. माझा धूर.
माणूस जागेवर असता तर तो धूर निघालाच नसता.

उठताना काका म्हणाले, "तुज्याकडं माजा फोटू हाय ना. पयल्या दिवशीचा. झेंडी घिऊन जाग्यावर हुबा हाय तो. तेवडा साहेबाला नेऊन दे. लोकं म्हनतात ह्यो रोजच नसतो जाग्यावर. त्येच्यात दिसंल ना मी असतू त्यो."
मी म्हटलं, हो काका, बघते.

हो काका, बघते.

२३ जुलै, रवि.
कार्ड तपासलं. जणू काही असणार आहे. ५ जुलै : कटिंग सात फोटो, एकातही काका नाहीत, पूल चौदा. पुलाचे चौदा!

९ जुलैचं ओरिजिनल उघडलं, क्रॉप न केलेलं. उजव्या कोपऱ्यात छत्री. मोठं करून बघितलं तर काडीच्या टोकाखाली दोन बोटं आहेत. ओली, नखात माती. आणि काठाला जरासं केशरी. माझ्यापासून एका फुटावर होते ते पूर्ण वेळ.

याने ९ तारखेचं सिद्ध होईल. की ते झोपलेले नव्हते, चहाला गेलेले नव्हते, माझ्याजवळ होते. पण हे द्यायचं तर सोबत मी पण जाणार. बोटांचा फोटो मी नसताना कसा येईल.

२६ जुलै, बुध.
बाबांना सांगितलं. ते पडवीत बसून जुनं जाळं नीट करत होते. बोटीशी काही संबंध नसला तरी बंदीत त्यांना हात रिकामे चालत नाहीत. सगळं सांगितलं. खोटा क्लिक सोडून.

बाबा गाठी मारत राहिले. मग :
"तू त्यांना बाजूला व्हायला सांगितलंस, हे कुणाला माहितीय?"
"मला. काकांना."
"त्यांनी सांगितलं का साहेबाला?"
"नाही. मी वाडीत गेले तेव्हा म्हणाले, पोरीचं नाव कशाला घालू, ती शिकतेय."

बाबांनी सुई खाली ठेवली. एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील, व्हेरिफिकेशनबद्दल बोलतील, आईला बोलावतील. नुसती सुई खाली ठेवली.
मग म्हणाले, सोमवारी साहेबाकडे जायचं, मी येतो बरोबर.
म्हटलं, सोमवारी शेवटची ३१२ आहे.
ते माझ्याकडे असं बघायला लागले की मी परत तोंड नाही उघडलं.

२९ जुलै, शनि.
हे लिहू की नको.

आज दुपारी कॅमेऱ्याची तारीख मागे नेली. ५ जुलै, सकाळी दहा चाळीस. सेटिंग्जमध्ये तीन बटणं दाबायची असतात, बस. डोक्यात असं होतं : काकांकडे जायचं, जॅकेट घालायला सांगायचं, झेंडी, मागे लाल दगड. एक फोटो. तारखेसकट. ५ तारखेला ते उभे होतेच ना! मी बघितलंय. मग खोटं काय त्यात? फोटो उशिरा काढला, एवढंच.

चप्पल घालून दारापर्यंत गेले. आईने विचारलं कुठे चाललीस. सांगता आलं नाही. परत आले.

सोहमचे मेसेज : सोमवारी हार घालणार आहेत, बँड पण, तू पहिल्या रांगेत उभी राहा, तुझं नाव सांगून ठेवलंय. उत्तर नाही दिलं.

३१ जुलै, सोम.
ऑफिसची खिडकी यार्डाकडे. साहेब वयाने बाबांएवढे. टेबलावर माझ्या पोस्टचा प्रिंटआउट. कॅप्शनखाली लाल पेनने रेघ, चहाच्या कॉमेंटखाली दोन रेघा.

मी बोलले. मध्ये दोनदा बाबांनी पाणी पुढे केलं. मोबाइलवर ते बोटांचं दाखवलं. साहेबांनी चष्मा वर करून बघितलं.
"तुम्ही हद्दीत आलात, हे स्वतः लिहून देताय. कळतंय ना?"
"हो."
"शिकताय काय?"
सांगितलं. पुढे काय व्हायचंय तेही विचारलं. तेही सांगितलं. त्यांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी खिडकीकडे.
"इंग्लिशमध्ये लिहिलंत तरी चालेल."
म्हटलं, नको, मराठीत लिहिते. काकांना वाचून दाखवतील कुणीतरी, तेव्हा परत विचारायला लागू नये, काय लिवलंस.

दहावीनंतर एवढं मराठी लिहिलं नव्हतं. एका शब्दाला अडले. शेजारचे क्लार्क म्हणाले, 'अनुपस्थित' जमत नसेल तर 'गैरहजर' लिहा, सोपं आहे. पण गैरहजर नव्हतेच ना. दोन्ही नाही लिहिलं. लिहिलं : ते तिथे होते. मी त्यांना फ्रेमच्या बाहेर बोलावलं. छत्री त्यांनी माझ्यासाठी धरली. चहाचं मी गंमत म्हणून लिहिलं, ते खोटं आहे.

'गंमत' शब्दावर पेन असताना बाहेर बँड वाजायला लागला. टाळ्या. मग हॉर्न. मग ३१२ सुटलं आणि टेबल थरथरायला लागलं, पेनाखालचा कागदसुद्धा. खिडकी माझ्या डाव्या हाताला. मान वळवली असती तर दिसलं असतं. बाबा बघत होते माझ्याकडे, वळवते का. मी 'ते खोटं आहे' पूर्ण केलं. अक्षर जरा हललंय तिथे.

सही केल्यावर साहेब म्हणाले, "एक दिवसाचं तुमच्यामुळे झालं, ठीक. पण आता वर विचारतायत, बाकीच्या दिवसांचं काय. तुम्ही त्याआधीही गेला होतात म्हणता. तेव्हा ते जागेवर उभे होते, असं काही आहे का तुमच्याकडे? एखादा फोटो?"
बाबा पटकन : "असेल ना. ही शेकड्यांनी काढते."
मी : "बघते."

परत तेच. बघते.
पुढच्या सोमवारी बोलावलंय.

सोहमचे नऊ मिस्ड कॉल. मग एक फोटो पाठवला, हार घातलेलं ३१२, आजूबाजूला गर्दी. कुणाचा हात, कुणाची छत्री, एक लहान पोर खांद्यावर. चांगला आलाय.

३ ऑगस्ट, गुरु.
सकाळच्या पॅसेंजरला इलेक्ट्रिक. आवाजच नाही. बाबांचा कारखाना सुरू झाला, बोटी गेल्या, घरात मी एकटी. बाबांना खोट्या क्लिकचं अजून सांगितलेलं नाही. सकाळी बूट घालताना विचारलंच त्यांनी, काढून ठेवलास का गो तो फोटो? मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाही माहीत नाही.

५ ऑगस्ट, शनि.
काकांकडे. ठरवून गेले होते की सांगायचं. उंबरा चढायच्या आधीच सांगायचं, नाहीतर राहील.

काका मागच्या अंगाला होते. तिथे पूर्वी चिरे काढलेले, त्याची सरळ कापलेली लाल भिंत. बोलले.
"काका, तो फोटो नाहीये. मी काढलाच नव्हता. बॅटरी कमी होती. मी नुसतं… दाबल्यासारखं केलं."

काकांनी भिंतीकडे बघितलं. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.
मग : "म्हंजे मी तितं पोट आत घिऊन हुबा व्हतू, त्ये उगाच?"

काकी आतून हसल्या. पहिल्यांदाच. मी पण हसले असेन, आणि मग रडायला लागले, आणि ते थांबेना. काका अवघडले. "अगो गप. गप. साहेबाला तू लिवून दिलंस, कललं मना. क्लार्कानी वाचून दाकवलं. 'ते तिथे होते.' बरोबर लिवलंस."
काकी : "पन त्येनं नोकरी ऱ्हातंय काय?"
कुणालाच माहीत नाही. यादी वर गेलीय. नाव आहे की काढलंय, पत्र आल्यावर कळेल.

काका आत गेले. मला वाटलं चिडले. तर जॅकेट घालून आले. बटणं वरपर्यंत. हातात हिरवी झेंडी, घडी करून ठेवलेली, तिच्यावर घडीच्या रेघा. भिंतीला पाठ लावून उभे.
"आता काड. पत्र आल्यावर जॅकेट जमा कराया लागलं तर ऱ्हाऊन जायल. बॅटरी हाय ना?"
"आहे काका. फुल आहे."
"बटन दाब हां. आवाज ऐकतू मी."

दाबलं. आवाज आला. त्यांनी मान हलवली, मग पोट सोडलं.

घरी येऊन बघितला. डोळे उघडे आहेत. चांगले आहेत डोळे. मागे लाल दगड, वरून पाणी ओघळतंय. कुणालाही वाटेल कटिंग आहे. आणि फोटोच्या माहितीत तारीख जुलैची. वेळ पुढे चालत गेलीय म्हणून तारखेचा आकडा नीट बघितला, तर १२. म्हणजे २९ ला ५ केलेली, तिथून सात दिवस. १२ जुलै. ५ नाही, आज पण नाही. पण ९ च्या नंतरची, आणि १५ च्या आधीची, काकांना घरी बसवायच्या आधीची. साहेबांना चालेल अशी तारीख.

२९ ला परत आले तेव्हा ती बदलायची राहिली होती. खरंच राहिली होती. की राहू दिली, हे मला नक्की सांगता येत नाहीये. स्वतःलाच.

काकांनी यातलं काही मागितलेलं नाही. त्यांना फक्त एक फोटो हवा होता, त्यांचा. डिलीट केला तर त्यांचा फोटो परत एकदा नाही. ठेवला तर तो कार्डवर आहे, आणि सोमवारी साहेब विचारणार, मिळाला का.

प्रिंट काढायला टाकलीय, मोठी. काकींनी सांगितलंय भिंतीवर लावायला पाहिजे. प्रिंटवर तारीख नसते.

कॅमेऱ्याची तारीख आज बरोबर केली. कार्ड आतच आहे.